समतानगरला जाणारी पाखाडी

२ ऑगस्ट
एमएच्या प्रोजेक्टचा विषय मॅडमनी मंजूर केला: सामाजिक प्रश्न सुटतात का, आणि कसे. मी वर्गात उभं राहून सांगितलं की नुसतं लिहिणार नाही, एक प्रश्न सोडवूनच दाखवीन. मॅडम म्हणाल्या, लिहिलंस तरी पुरे. टोमणा असावा. की काळजी? विचारायला हवं होतं.

३ ऑगस्ट
प्रश्न निवडला. जात. आपल्या गावापुरती.
चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे. गणित अडलं की ते म्हणायचे, मांडणी बघ, शब्द चुकला असेल. समाजशास्त्र वेगळं काय सांगतं? एक पंथ म्हणतो, प्रश्न रचनेत असतो. दुसरा म्हणतो, सत्तेत. तिसरा म्हणतो, आपण ज्याला प्रश्न म्हणतो तोच प्रश्न. तिसरा सर्वांत स्वस्त आहे. 'स्वस्त' खोडलं, 'मूलगामी' लिहिलं.
ठरलं. गावातल्या वाड्यांची जातीवरची नावं बदलायची. सरकारचा जीआर आहेच. सुरुवात बौद्धवाडीपासून.

५ ऑगस्ट
करुणाला सांगितलं. ती बौद्धवाडीतली, कॉलेजला माझ्याच एसटीने येते. तिचं लक्ष नव्हतं. त्यांच्या वाडीत जायच्या पाखाडीच्या पायऱ्यांचे चिरे ओढ्याच्या, म्हणजे पऱ्याच्या पाण्याने वाहून गेलेत आणि तिची आई, प्रेमलामावशी, तिथेच घसरली. पाय प्लास्टरमध्ये. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत करुणा पाखाडी दुरुस्त करून मागणार आहे. तू पण बोल गो, म्हणाली, तुमच्या वाडीचं ऐकतात.
हो म्हटलं. मग समजावलं की पाखाडी हे लक्षण आहे, नाव हे मूळ. तिने विचारलं, आईचं हाड मोडलंय ते कशात धरतेस.
संकल्प: मावशींना भेटायला उद्याच जायचं.

६ ऑगस्ट
गेले नाही. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, आणि काही नेलं तर उपकार वाटतील.

९ ऑगस्ट
एसटीत करुणा म्हणाली, नाव कशाला बदलतेस? ते आम्हीच ठेवलंय, पणजोबांनी, छप्पन सालानंतर. त्याआधी तुमच्या लोकांनी दिलेलं होतं, ते सांगू का?
नको म्हटलं. कंडक्टर ऐकत होता.
दिवसभर फार अस्वस्थ. संध्याकाळी पुस्तकात सापडलं: भ्रामक जाणीव. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनाच आपलं हित कळत नाही. मग कुठे जेवण गेलं.

११ ऑगस्ट
आईने विचारलं, मग आपल्या भटवाडीचं नाव पण बदलणार का गं? अण्णा पेपरातून म्हणाले, ते जातीचं नाव नव्हे, भट हे आडनावही असतं. आपलं आडनाव लिमये आहे. पण त्यांचं वय बघता वाद घातला नाही. भटवाडी दुसऱ्या टप्प्यात.

१५ ऑगस्ट, दुपारी
ग्रामसभा. ऐतिहासिक दिवस.
करुणा आधी बोलली. सरपंच आप्पा म्हणाले, निधी बघावा लागेल. मग मी. समतानगर हे नाव सुचवलं. एकमताने मंजूर, टाळ्या. भटवाडीकरांनी सर्वांत जास्त वाजवल्या. अण्णांनीसुद्धा. हेच ते परिवर्तन.
आप्पा म्हणाले, चला, त्या वाडीचं यंदाचं एक काम झालं. बोर्ड करू झकास. पाखाडी पुढल्या वर्षी.
मी पाखाडीवर बोलणारच होते. पण टाळ्या चालू होत्या, मध्ये बोलणं उद्धटपणा झाला असता. करुणा उठून निघून गेली. भारावली असावी.

२४ ऑगस्ट
पाखाडीच्या तोंडाशी बोर्ड लागला. लोखंडी, माझ्या उंचीपेक्षा लांब, अक्षरं कापून वर जोडलेली. आज कंडक्टर ओरडला, समतानगरवाले उतरा. डोळे भरून आले. मागच्या बाईंनी विचारलं, समतानगर म्हणजे कुठे आलं? तो म्हणाला, बौद्धवाडी हो.
संक्रमणकाळ आहे.

१ सप्टेंबर
आई फोनवर मामीला सांगत होती, मिळाली बाई कामाला, समतानगरातली आहे, पण स्वच्छ आहे.
नवं नाव आपल्या घरात रुळलं, ह्याची नोंद. 'पण'विषयी बोलायला हवं होतं. फोन तिचा होता.

८ सप्टेंबर
आज मावशींकडे निघालेच. डब्यात नारळाच्या वड्या. उपकार वाटू नयेत म्हणून थोड्याच.
बोर्डाचे खांब रिकामे. बोर्ड पऱ्यावर आडवा टाकलेला, चिरे गेले तिथे, अक्षरं वरच्या अंगाला. पलीकडून करुणा म्हणाली, ये गो, घट्ट बसवलाय. अक्षरांमुळे पाय सरकत नाही.
चप्पल काढली. पाय उचलला. खाली 'समता'. त्यावर पाय कसा ठेवायचा? 'नगर'वर कदाचित चाललं असतं, पण ते पलीकडच्या टोकाला. करुणा म्हणाली, लोखंड आहे ते, मनस्विनी. जरा वेळ थांबली. मग आतून मावशींनी हाक मारली, तशी गेली.
घरी आले. आईने विचारलं, भेटलीस का गं?
म्हटलं, नाही. तिकडे जायला वाट नाही.