अठ्ठावन्न सालचं ओमेगा

कोल्हापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. भैरवीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच "आई, गोळ्या घेतल्यास का?" सुरू होतं, म्हणून हे पत्र.

बाबांच्या माघारी त्यांची घड्याळं मी आता सालवार लावतेय. तू म्हणाली होतीस, कुणाला हात लावू देऊ नकोस. मी दिला. मुरगूडचे विजयसिंहराव. जुनी स्विस घड्याळं जमवतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांचं ओमेगा बघायला आले होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सत्तेचाळीस सालचं आहे. बाबा जन्मभर हेच तर सांगत आले. पावण्यांनी मागचं झाकण उघडलं, आतला नंबर भिंगातून वाचला आणि म्हणाले, "न्हाय वो वहिनी. अठ्ठावन्नच्या आधीचं न्हाय हे. आन् तबकडीबी मागनं रंगवल्याली हाय की!"

असा संताप आला! माझ्याच घरात बसून हा माणूस बाबांना खोटं पाडतो. चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

पुढच्या रविवारी पुन्हा दारात हजर. "वहिनी, साल चुकलंय, घड्याळ न्हाय चुकलं. मालकानं लई जीव लावून वापरलंय." मी रडले गं. मग ते स्वतःच उठून पाणी घेऊन आले, पेला कुठं असतो हेही न विचारता.

तेव्हापासून दर रविवारी येतात. ते झाकणं उघडून नंबर सांगतात, मी साल शोधते. तबकड्यांवरून आमची जोरात भांडणं होतात. तांबडा रस्सा फिका झाला तर तोंडावर सांगतात.

मी खूश आहे, भैरवी. किती आडवळणं घेऊ? आम्ही लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, नोंदणी कार्यालयात. मांडव नाही, वाजंत्री नाही.

ओमेगा तुझंच आहे. तबकडी बदलूया असं मीच म्हटलं, तर म्हणाले, "मालकाच्या आवडीची हाय, ऱ्हाऊ दे." तेव्हाच माझं ठरलं.

साक्षीदार तीन लागतात. दोन झालेत. तिसऱ्या जागी तुझं नाव लिहिलंय. खोडायचं असेल तर खोड, पण स्वतः येऊन खोड.

तुझी वाट बघणारी,
आई