हणमंताचे दहापैकी दहा

मुखेड,
रविवार, दुपार

तीर्थरूप आप्पासाहेब दादा यांच्या पायांवर धाकट्या हणमंताचं डोकं.

आपली प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण मला ती ठाऊक आहे. (हे ‘आपली’ लिहिताना पेन अडखळला. अकरा वर्षं बोललो नाही म्हणून तू काय परका झालास? पुढं ‘तू’च लिहितो.) तुझा रक्ताचा कॅन्सर, लातूरचे डॉक्टर, हैदराबादचे डॉक्टर, पांढऱ्या पेशींचे आकडे, सगळं मला पाठ आहे. मला कुणी सांगितलं याची घरात चौकशी करू नकोस, मी तुझ्या ऋतुजाचं नाव घेणार नाही असा शब्द दिलाय. (झालं, लिहून बसलो.)

दीड महिन्यामागं बाजारच्या दिवशी पोरगी अचानक दारात उभी. हातात पाकीट. मला वाटलं, हिच्या लग्नाची पत्रिका. मी लगेच तोंड फुगवून खुर्चीत बसलो आणि या खेपेला तरी माझं नाव छापलंय का ते बघायला चष्मा मागवला. पाकिटातून निघाल्या कापूस लावलेल्या दोन काड्या. “काका, तोंड उघडा. गालाच्या आतून घासायचंय.” तुझ्या हाडातला मगज बिघडलाय, रक्त तिथंच तयार होतं, आता तिथं दुसऱ्याचं बी पेरावं लागणार आणि ते सख्ख्या भावाचं जुळायची आशा जास्त, असं तिनं नीट समजावलं. मी तोंड उघडलं तर आत तंबाखू. पोरीनं सहा वेळा चुळा भरायला लावल्या, वर अर्धा तास काही खायचं नाही म्हणाली. समोर चुरमुऱ्यांच्या सुशीलाची भरली ताटली तशीच, आणि आमची इंदू तिला म्हणते, “रोज येत जा गं माय. माझ्यानं तीस वर्षांत ह्यांचं तोंड साफ झालं न्हाई.”

काड्या प्रयोगशाळेत गेल्या आणि मला घोर लागला. आमच्या एसटीचा ड्रायव्हर मलप्पा म्हणाला, “हणमंतराव, हाड फोडून मगज काढत्यात म्हणं. मग तुमी गाडीत तिकिटं कशी फाडणार?” शेवटी नांदेडला जाऊन एका डॉक्टरलाच विचारलं. ते हसले. आता बहुतेक वेळा हाडाला हातच लावत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं मगजातल्या पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या तेवढ्या पेशी मशीन काढून घेतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. मला हे चटकन कळलं. मुखेडचे प्रवासी मुखेडला उतरवायचे, बाकीची गाडी पुढं. ते असंही म्हणाले की सगळं नीट झालं तर भावाचा रक्तगट बदलून तुमचाच होतो. मी विचारलं, “आन् स्वभाव?” म्हणाले, स्वभाव ज्याचा त्याच्याकडं राहतो. (मला तुझ्यासाठी वाईट वाटलं.)

गेल्या मंगळवारी नायगावच्या स्टँडवर गाडी उभी होती, तेवढ्यात ऋतुजाचा फोन. “काका, पूर्ण जुळलं! दहापैकी दहा!” त्यानंतर मी काय केलं ते मलाच आठवत नाही, पण लोक सांगतात की डबल बेल मारली. मलप्पानं गाडी काढली. निम्मे प्रवासी खाली, त्यांची बोचकी वर. एका बाईचा नवरा केळी घ्यायला उतरलेला, तो केळी हलवत मागं पळतोय. सगळी गाडी माझ्या नावानं ओरडून राहिली. मलप्पानं कचकन ब्रेक मारला आणि शिव्या द्यायला मागं वळला, तर मी तिकिटाचं मशीन छातीशी धरून रडत उभा. त्याच बाईनं मला पाणी दिलं. “कोण गेलं बाबा?” म्हणाली. मी म्हणालो, “कुणी गेलं न्हाई, मावशी. भाऊ राहतोय.”

दादा, लहानपणी तू मला रडवायला सांगायचास की तुला बाजारातून पायलीभर ज्वारी देऊन आणलंय. मी खरं धरून कित्येक दिवस ज्वारीच्या व्यापाऱ्यांची तोंडं निरखत होतो, कुणाचं नाक माझ्यासारखं आहे का म्हणून. आता त्या रिपोर्टाची झेरॉक्स माझ्या खिशात असते. शाळेत मला दहापैकी चारच्या वर कधी मिळाले नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

पत्रिकेचंही सांगून टाकतो. तुझ्या थोरल्या साक्षीच्या लग्नात स्वागतोत्सुकांत माझं नाव नव्हतं, म्हणून मी आलो नाही, आणि तू समजूत काढायला आला नाहीस. पण छापायच्या आधी तो कागद तू तपासायला माझ्याकडंच पाठवला होतास. मी चष्म्याविना बघून ‘फस्क्लास’ म्हणून माघारी धाडला. हे मला दुसऱ्या आठवड्यात आठवलं, पण तोवर चार गावांत सांगून झालं होतं. मग लाज वाटली. रागापेक्षा लाजेनंच जास्त वर्षं खाल्ली बघ.

तू म्हणे डॉक्टरला सांगितलंस, “त्याच्यापुढं हात पसरणार न्हाई.” नको पसरू. मी न मागता घेऊन येतोय. महिन्याची रजा टाकलीय. कारणाच्या रकान्यात ‘भावाचं रक्त’ एवढंच लिहिलं, तर साहेब घाबरून म्हणाले, “हणमंतराव, मारामारी काही करू नका.” सोळा तारखेला हैदराबादेत पोचतो. वहिनीला नमस्कार. तू तेवढी संमतीच्या कागदावर सही कर.

तुझाच,
हणमंत

ता. क. पाकीट चिकटवताना ऋतुजाचा फोन आला. तू सकाळीच सही केलीस म्हणे, आणि केल्यावर बराच वेळ भिंतीकडं तोंड करून निजलास. बरं केलंस. वरचा सहीचा मजकूर आता खोडत बसत नाही, तसाच ठेवतो.

आणखी एक ता. क. मी धीट आहे असं वाटत असेल तर तसं काही नाही. नांदेडला तपासणीचं रक्त देताना मी खुर्चीवरून घसरलो. हैदराबादेत तर चार-पाच तास मशीनला निजायचं, दोन्ही हातांत सुया. तू वरच्या मजल्यावर जंतू न येणाऱ्या खोलीत असशील, मला तिथं सोडणार नाहीत. पण फोन चालतो, मी विचारून घेतलंय. इंदू तो माझ्या कानाला धरून बसेल. माझं मागणं एवढंच, दादा, तेवढा वेळ तू बोल. दम लागला तर थांब, पण फोन चालू ठेव. काहीही बोल, शिव्या दे. माझे दोन्ही हात अडकलेले असतील, मला फोन ठेवता येणार नाही.