उकळून न मरणारं विकर

अब्बा, तुम्ही बहरीनला आला होतात ते दिवस मला एकदा सलग लिहून काढायचे होते. तुमच्याबद्दल घरात सगळेच बोलतात, पण प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे, आणि हा तुकडा फक्त माझ्याकडे आहे. आज क्लिनिक रिकामं आहे. एक ससाणा तपासायला यायचा होता, त्याचा मालक फोनवर म्हणाला, इंशाल्ला उद्या, म्हणजे परवाच्या आत काही येत नाही. मशीन आपलं तापतंय, निवतंय. त्याच्या शेजारी बसून लिहिते आहे.

शाळेतून रिटायर झाल्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही व्हिजिट व्हिसावर आलात. बॅगेत कपडे कमी आणि सुके बोंबील, कोकम, तांदळाचं पीठ जास्त. कस्टमच्या पोराने बॅग उघडली, नाक धरलं आणि लगेच बंद केली. तुम्ही त्याला बोंबलातल्या कॅल्शियमबद्दल सांगायला लागलात तेव्हा तो म्हणाला, "यल्ला हज्जी, यल्ला." बाहेर आल्यावर तुम्ही खूश होऊन मला म्हणालात, "किती अदबीची माणसं गो. हज न करता हाजी झालो." यल्ला म्हणजे 'चला, निघा', हे मी तुम्हांला पुढे चार दिवस सांगितलं नाही.

वादाला सुरुवात झाली ती अदलियाच्या आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये. ह्यांची नाइट शिफ्ट होती, मी भाकऱ्या थापत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून लसूण सोलत होतात. नातेवाईक विचारतात, काय सांगू, असं म्हणून तुम्ही विचारलंत, की तू त्या पक्ष्यांच्या दवाखान्यात नेमकं करतेस काय. मी सांगितलं: पक्ष्याच्या पिसातून डीएनए काढते. तो एवढासा असतो, म्हणून मशीनमध्ये त्याच्या प्रती काढते. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. खूप तापवला की धागे सुटे होतात, मग थोडा निववला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार विणून देतं. पुन्हा तापवायचं, पुन्हा निववायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. दुपारपर्यंत कोट्यवधी. मग नर की मादी ते दिसतं.

तुम्ही लसूण खाली ठेवलात.

"खूप तापवता म्हणजे किती?"

"पंच्याण्णव."

"आणि विकर त्यातच असतं?"

"त्यातच असतं."

"विकर म्हणजे काय?"

"प्रथिन."

"आणि साठाच्या वर प्रथिनाचं काय होतं?"

मी तिशी ओलांडलेली, पोराची आई, हात पिठाने भरलेले. आणि माझ्या तोंडून नववीतल्या मुलीचा आवाज आला. "गोठतं, सर."

"मग?"

"हे नाही गोठत, अब्बा."

"सगळी गोठतात, हे नाय गोठत. हे काय सरकारचा जावई हाय?"

मी म्हटलं, पूर्वीची विकरं मरायची, दर फेरीला नवीन घालावं लागायचं. "बघ, मरायची ना," असं तुम्ही एवढ्या समाधानाने म्हणालात की पुढचं वाक्य मला गिळावंसं वाटलं. तरी सांगितलं: मग ऊन पाण्याच्या झऱ्यात राहणारा एक जिवाणू सापडला, त्याचं विकर उकळूनही मरत नाही. "कुठल्या झऱ्यात?" अमेरिकेतल्या. "अमेरिकेत काय, तिथे काहीही जगतं," असं म्हणून तुम्ही पुन्हा लसूण हातात घेतलात. आणि मग अगदी गंभीरपणे, मला न बघता: "पगार मिळतो म्हणून कायपण बोलू नये. शिकवलंय मी तुला."

शिकवलं होतंत, आणि कुठे, ते तर दोघांच्याही मनात होतं. दर वर्षी नववीचा वर्ग तुम्ही गावाबाहेरच्या ऊन पाण्याच्या कुंडावर न्यायचात. रुमालात अंडं बांधून पाण्यात सोडायचं, वाट बघायची, बाहेर काढून सोलायचं. आतून घट्ट. "हे पुन्हा कच्चं होईल?" "नाही सर." "म्हणून ह्या पाण्यात कुणी जगत नाही. समजलं?" "समजलं सर." कुंडाच्या काठाला हिरवट, केशरी बुळबुळीत साय धरलेली असायची, तिच्यावरून दर वर्षी कुणीतरी घसरायचं, आणि तुम्ही ओरडायचात, त्या घाणीवर पाय देऊ नका. ती घाण मजेत जगत होती, अब्बा. आपण सगळे तिच्यावर उभे राहून तिथे कुणी जगत नाही असं पाठ करत होतो. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि तुम्हांलाही नव्हतं.

नंतरचे काही दिवस तुम्ही माझ्याशी पावसापाण्याचंच बोललात, तेही बहरीनमध्ये. मग चाचा भेटले. बुसैतीनला त्यांचं दोर आणि मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं, माणूस श्रीवर्धनचा. आमच्या खालच्या कोल्ड स्टोरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, तुम्ही दोघं एकाच वेळी कानाशी नारळ धरून हलवत उभे होतात, तिथे ओळख झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे चहाला. तिथून आलात ते मोठी बातमी घेऊन: त्यांच्याकडे राखाडी पोपटांची जोडी आहे, सहा वर्षं झाली, अंडं म्हणून नाही. चाचांनी आणि चाचींनी करायचं ते सगळं केलं होतं. लाकडी घरटं आणलं, बदाम चारले. दुपारी पिंजऱ्यावर चाचींची ओढणी टाकून दोघं नवराबायको बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे, म्हणजे पाखरांना संकोच वाटू नये. नर कोणता ते तुम्ही पाहताक्षणी ओळखलं होतंत. "छाती काढून बसतो. बायको बोलली की मान वळवतो. दुसरा कोण असणार?"

मी म्हटलं, पिसं आणा, मी बघते. आणि तुम्ही तिथल्या तिथे अट घातलीत. मीही येणार. विकर आधी माझ्यासमोर उकळायचं. दहा मिनिटं. मग वापरायचं. आणि शेजारी एक न उकळलेलंही ठेवायचं, तुलनेला. आमचे डॉक्टर बहरीनी, पक्ष्यांचे सर्जन. मी घाबरत घाबरत परवानगी मागितली. "तुझे वडील आहेत ना, येऊ दे," एवढंच ते म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारा पोपट बघायला येतोय.

शनिवारी सकाळी जनाबियाच्या त्या बंगल्यात, जिथे आमचं क्लिनिक आहे, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. मागे चाचा, हातात दोन पाकिटं, प्रत्येकात चार पिसं, एकावर 'मियां' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 'बीबी'. तुम्ही खिशातून रुमालाची गाठ काढून माझ्या टेबलावर ठेवलीत. आत कच्चं अंडं. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी अंड्याकडे पाहिलं, मग धंद्याच्या सवयीने विचारलं, "ये किस चिड़िया का है?"

"मुर्गी का," तुम्ही म्हणालात.

"मुर्गी बीमार है?"

"मुर्गी ठीक है, डॉक्टरसाब. मेरी बत्तीस साल की नौकरी बीमार है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, ससाण्याला थांबू दे, हे मला बघायचंय.

आजही ते डोळ्यांपुढे आहे. मी अंड्याचा पांढरा बलक एका छोट्या ट्यूबमध्ये घेते, दुसऱ्या ट्यूबमध्ये विकर. दोन्ही एकाच तापत्या ठोकळ्यात, शेजारी शेजारी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाकला आहात, वर्गातल्यासारखे. थोड्याच वेळात बलक दुधासारखा होतो, मग खडूसारखा. तुम्ही ट्यूब उलटी करून टिचकी मारता, काही हलत नाही. "बघितलंत?" तुम्ही डॉक्टरांना विचारता, जणू खटला जिंकला. विकराची ट्यूब मात्र पाण्यासारखीच नितळ. "दिसायला काय, मेलेलंही नितळ असू शकतं," तुम्ही म्हणता. हे तुमचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही आवडलं.

मग मशीन. तुम्ही त्याच्यासमोरून हलला नाहीत. पडद्यावर आकडा वर चढला की तुम्ही पुटपुटायचात, "मेलं." खाली आला की गप्प. चाचा बिचारे मध्ये मध्ये विचारत होते, "आतून काही आवाज येतो का?"

शेवटी त्या प्रती जेलमधून सरकवल्या आणि जांभळ्या दिव्याखाली त्यांचा फोटो आला. चार रांगा: मियां आणि बीबी, प्रत्येकी एकदा ताज्या विकराने, एकदा तुमच्यासमोर उकळलेल्याने. नराला एक पट्टा दिसतो, मादीला दोन. चारही रांगांत दोन दोन पट्टे चमकत होते, सगळे सारखेच ठसठशीत. एकाच फोटोने दोन माणसांचं काम केलं. चाचांना मी सांगितलं, "चाचा, दोन्ही माद्या आहेत."

चाचांनी दोन्ही पाकिटांवरची नावं पुन्हा वाचली. "म्हणजे सहा वर्षं आम्ही दोघं उगाच बाहेर बसलो?"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून हसत होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उकळलेल्या विकराच्या रांगेवर बोट ठेवून उभे होतात. "हे तेच ना? मी बघितलं ते?" "तेच, अब्बा." "बदललं नाहीस ना?" मग स्वतःच म्हणालात, "नाय. तू नाय बदलणार."

गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटलं, दुखावलात. हे सगळं करायलाच नको होतं असं वाटत मी सिग्नलला थांबले होते, आणि तुम्ही म्हणालात, "साधारण किती पोरं गेली असतील गो माझ्या हाताखालून?"

संध्याकाळी तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही फोन तोंडासमोर आरशासारखा धरला होतात. "मुलांनो, मी सर बोलतोय. कुंडावर मी तुम्हांला शिकवलं होतं की उकळत्या पाण्यात कुठलंच प्रथिन टिकत नाही. ते चूक होतं. एक टिकतं. मी स्वतः पाहिलं. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी."

पहिलं उत्तर आलं ते गुलाबाच्या गुच्छाचं. मग हात जोडलेले. कुणी लिहिलं, सर लवकर बरे व्हा. एकाने तर घाईत, गेलेल्या माणसासाठी मागतात ती मगफिरतीची दुवाच टाकली आणि मग पुसली. कुवेतहून तुमचा एक विद्यार्थी, क्रेन चालवणारा, मला फोन करून दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, सरांचं काय ते खरं सांगा. असे शेवटचं बोलल्यासारखे का बोलतायत?" मी फोन तुम्हांला दिला. तुम्ही त्याला विकर समजावलंत. तो म्हणाला, "सर, प्रथिन मला आठवत नाही. अंडं आठवतंय. तुम्ही ते मलाच खायला दिलं होतं." फोन ठेवल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तेव्हा त्याच्या घरी जेवणाचे वांधे होते, त्याला कळलं असेल का, की मी मुद्दाम त्याला द्यायचो?" मी म्हटलं, कळलं असेल. तुम्ही म्हणालात, "मग त्याला तरी बरोबर शिकवलं."

सगळ्यांत मजा आणली ती आपल्याच शाळेत आता विज्ञान शिकवणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीने. ती म्हणाली, "सर, पुस्तकात आहे तसंच मी शिकवणार. तुम्ही एका पोपटावरून सांगताय." "दोन पोपट," तुम्ही ओरडलात. ती म्हणाली, दोन तर दोन. तुम्ही फोन आपटलात, घरभर फिरलात, आणि पाणी पिऊन आलात तेव्हा चेहरा उजळला होता. "कुणाचं ऐकत नाय ती. मीच शिकवलंय तिला."

व्हिसा संपायच्या आधीच तुम्ही तिकीट बदलून परत गेलात. ह्यांना वाटलं, आमच्याकडे करमलं नाही. तुम्हांला परीक्षेच्या आधी नववीचा वर्ग गाठायचा होता. त्या विज्ञानाच्या बाईंशी भांडून तुम्ही एक तास मिळवलात आणि पोरांना कुंडावर नेलंत. अंडं सोडलंत, सोललंत, आणि मग त्या बुळबुळीत घाणीकडे बोट दाखवून म्हणालात, आता हिच्याबद्दल बोलू. हे मला त्या बाईंनीच नंतर सांगितलं. तुम्ही त्या वेळी घसरलात हेही त्यांनी सांगितलं, तुम्ही सांगितलं नव्हतंत.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, झोपेत, कुणालाही तसदी न देता. मग काही वर्षांनी साथ आली आणि सगळी दुनिया ह्या मशीनचं नाव शिकली. अब्बा, तुम्ही ते बघायला हवं होतंत. टॅक्सीवाले, मौलवी, भाजीवाला, सगळे पीसीआर पीसीआर करत होते. मला माणसांच्या लॅबमध्ये मदतीला नेलं होतं, तिथे चाचा नाकात काडी घालून घ्यायला आले आणि लांबूनच मला ओरडून विचारलं, "मी नर आहे ना, तेवढं बघून सांग." सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही असतात तर त्या रांगेतल्या एकालाही प्रथिनं समजल्याशिवाय घरी जाऊ दिलं नसतंत.

नववीला कुंडावर नेऊन आलात त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता. म्हणालात, एका मुलीने विचारलं, सर, पण हे विकरच का टिकतं, बाकीची का नाही? मला सांगता आलं नाही, तू सांग. मी वाचलेलं सगळं सांगितलं, साखळीची घडी घट्ट असते, आतून जास्त बांधलेली असते, वगैरे. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "हे पाठ केलेलं वाटतं. तिला समजेल असं सांग. सवडीने सांग."

तिला समजेल असा तो परिच्छेद मी आज ह्या पत्रात तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. पहिल्यांदा तो कंपनीच्या माहितीपत्रकासारखा झाला, दुसऱ्यांदा सगळा इंग्रजी, आणि तिसऱ्यांदा मी नुसतंच 'घट्ट' हा शब्द वेगवेगळ्या जागी घातला. तो परिच्छेद नसलेलं पत्र तुम्हांला पाठवायचं म्हणजे लाल शेरा ओढवून घ्यायचा, म्हणून हे इथेच खणात राहू दे. इतकी वर्षं हे विकर मी रोज हाताळते, आणि अब्बा, ते का टिकतं हे मलाही अजून नीट समजलेलं नाही.