संथ माउस

४ फेब्रुवारी
आज विमान सहा वेळा पाडलं त्याने. सहाही वेळा धावपट्टीच्या अलीकडे. मी मागे बसून मटार सोलत होते.

फिजिओच्या बाईंनीच सांगितलं होतं — अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात हलता राहायला हवा, आवडीचं काहीतरी द्या. म्हणून कॉम्प्युटरवर हा विमानाचा खेळ. माउस मागे ओढला की नाक वर, पुढे ढकलला की खाली. एवढंच. तरी मला म्हणतो, "तुला नाही कळायचं ते." झटका हाताला आला, तोंडाला नाही!

समोर अहो, वहीत तो. इथे तरी मान कशाला द्यायचा?

५ फेब्रुवारी
"सेटिंग तू बघ गं." बघितली. एक पट्टी आहे — माउस किती हलवला की विमान किती वळतं त्याची. शंभरावर होती. नव्वदवर आणली.

९ फेब्रुवारी
सत्तर.

१२ फेब्रुवारी
पन्नास. रोज थोडं थोडं, कढत पाण्यात विसण घालावं तसं. त्याच्या लक्षात येत नाही. आता नाक उचलायला माउस टेबलाच्या कडेपर्यंत ओढावा लागतो, उचलून आत ठेवावा लागतो, पुन्हा ओढावा लागतो. तोवर विमान शेतात.

"हात गेला गं माझा," म्हणून रडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाठीवरून हात फिरवला — "अहो, जमेल हळूहळू." मग स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर हसले.

लाज वाटायला हवी. नाही वाटली. हाच हात माझ्या कानशिलावर बसलाय — मीठ जास्त पडलं म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून. एकदा तर कारणही नव्हतं. डावा कान अजून निम्माच ऐकतो. हा हात बरा व्हायला नको. बाकीचा माणूस मी सांभाळेन. भरवीन, पुसेन.

१७ फेब्रुवारी
पंचवीस. तरी सोडत नाही. सकाळी बसतो तो जेवायलाच उठतो. जित्याची खोड!

धाकटी जाऊ फोनवर म्हणाली, "किती करता ताई तुम्ही त्यांचं." म्हटलं, करावं लागतं गं.

२४ फेब्रुवारी
आज विमान उतरवलं. पंचवीसवर! मी एकच पेला कितीतरी वेळ पुसत राहिले.
तो आंघोळीला गेल्यावर पट्टी दहावर आणली.

३ मार्च
फिजिओच्या बाई आल्या. त्याला खेळताना बघत बसल्या. मग माउस स्वतः हलवून पाहिला.

"केवढा संथ ठेवलाय! तरीच यांचा अख्खा खांदा कामाला लागला. नेहमीच्या वेगात नुसती बोटं हलली असती. कुणाला सुचलं हे?"

तो माझ्याकडे बघत होता. "सेटिंग हीच बघते," म्हणाला.

बाईंनी आपलं मनगट पुढे केलं, त्याला उजव्या हाताने धरायला लावलं. "पकड बघा, आणखी काय पाहिजे?" जाताना मला म्हणाल्या, सगळं श्रेय तुमचं.

त्यांना सोडून मी दार लावलं. वळले तर तो उठून उभा होता.

५ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट सुजलंय, बोटं मिटत नाहीत. सकाळी त्याने माउस माझ्यापुढे सरकवला. "बस. हात हलता राहायला हवा."
पट्टी दहावरच आहे.