पप्पांच्या घरावरची कौलं

पाली, १२ मे

प्रिय ट्रेसी,

मम्मीला जाऊन महिना झाला, चर्चमध्ये तिच्या नावाची मिसा नीट पार पडली. मी वेळेवर जेवतोय. तिकडे मस्कतला आपल्या ॲलिसनचा ताप उतरला का?

चार वर्षांपूर्वी मीच कौलं काढून पत्रे घातले. "तव्यावर बसल्यागत वाटतं रे," मम्मी म्हणायची आणि मी हसायचो. आता पप्पा दुपारभर त्याच पत्र्याखाली बसून असतात.

दुकानदार म्हणाला, पत्र्यावर पांढरा रंग मारा, घर थंड राहील. पप्पांना विचारलं तर एवढंच बोलले, "कौलं होती तवा तुझी मम्मी दुपारची निजायची."

मी कौलंच सांगितली. ती दर वर्षी पावसाआधी चाळावी, म्हणजे उतरवून फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागतात, आणि पप्पांना आता वर चढवत नाही. म्हणून यापुढे माझी रजा मे महिन्यातच. नाताळला आपलं येणं होणार नाही. रागावू नकोस.

तुझाच,
इव्हान