न धुतलेली साडी

चाकण, २ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

किसनभाऊंच्या ट्रॅव्हल्सने पिंकीसाठी ब्लँकेट पाठवलंय. पिंपरीच्या बाजारातून आणलं, अगदी मऊ आहे. आमच्या पत्र्याच्या खोलीत पहाटे इतका गारठा असतो, की दीड वर्षाचं लेकरू तुझ्याकडे ठेवलं तेच बरं, असं रोज मनाला समजावते. मागच्या थंडीत तिची छाती भरली होती, ते मी विसरलेले नाही. शिवाय माझ्या आणि निरंजनांच्या, दोघांच्याही कंपनीतल्या शिफ्ट बदलत्या, तिला बघणार कोण? फोनवर मी दिसले की ती रडते म्हणून तू फोन बंद केलास, ते पटलं. पण पत्रात सगळं लिही. पांघरूण घेते का, काय खाते, माझी आठवण काढते का.

तुमच्या दोघींच्या मायेची भुकेली,
अंजली

केज, ९ डिसेंबर

चि. सौ. अंजलीस अनेक आशीर्वाद.

तुझं ब्लँकेट तुझ्या लेकीला मुळीच पसंत नाही. टाकलं की लाथ मारते आणि कुडकुडत तुझ्या नावाने रडते. लसणाचं कोमट तेल चोळते, पायमोजे घालते, बाजरीची पेज पाजते. दिवसा मजेत असते, झोपायच्या वेळी घोडं अडतं. परवापासून नाक वाहतंय. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण ऊब राहू द्या. मी गोधडी शिवायला घेतलीय. आत घालायला तुझी नेसती साडी पाठव. तूही माझ्याच साडीच्या गोधडीत झोपायचीस.

जावईबापूंना आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आई, कौशल्या

केज, १८ डिसेंबर

चि. सौ. अंजलीस आशीर्वाद.

साडी पोचली. काय गं हा शहाणपणा! धुतलीस, वासाच्या पाण्यात बुडवलीस, वर कडक इस्त्री! शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, लेकीने आहेर पाठवला वाटतं. पिंकीने नाक लावलं आणि बाजूला सारली. अगं वेडे, कापड माझ्याकडे ढीगभर आहे. मला तुझा वास हवा होता. अंगावरून उतरवलेली तशीच पाठव. सर्दी अजून हटत नाही.

वाट बघणारी,
आई

चाकण, २१ डिसेंबर

ती. आईस सा. न.

चुकलंच. माझ्या अंगाला मशिनच्या तेलाचा वास, तो लेकराला कशाला, असं वाटलं. निरंजन हसले. म्हणाले, पिंकीला तोच तर आईचा वास. घरी नेसते ती निळी साडी पाठवतेय. घडी घालताना मीच तिच्यात तोंड खुपसून रडले. लवकर शिव.

अंजली

केज, ३० डिसेंबर

चि. सौ. अंजलीस आशीर्वाद.

गोधडी झाली. पहिल्याच रात्री पोरगी तिच्यात नाक घालून सकाळपर्यंत झोपली. सर्दीही गेली. आता अंगणातसुद्धा गोधडी ओढत फिरते आणि तिला ‘आई’ म्हणते. आधी मला हसू आलं, मग रडू. ऊब मी देईन गं, कितीही हिवाळे देईन. पण लेकराने गोधडीला आई म्हणावं, हे मला बघवत नाही. तिला घेऊन जा.

आई

चाकण, ६ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. मला कायमची दिवसपाळी मिळाली, निरंजन रात्रपाळी करतील. पिंपळे गुरवला स्लॅबची, उन्हाची खोली घेतलीय. संक्रांतीला तिला न्यायला येते. नवी साडी नेसणार नाही, जुनीच नेसेन. तिने ओळखायला हवं ना.

एक कर. तुझीही एक नेसती साडी न धुता काढून ठेव. इथे आल्यावर रात्री ती तुला शोधेल. गोधडी मी शिवीन, टाके वाकडे आले तर हसू नकोस. आणि जरा मोठीच शिवीन, मलाही आत मावायचंय.

तुझीच,
अंजली