माप कोणाचं चुकलं

आजोबा,

तुमच्या शिवणाच्या दुकानात एखाद्या कारागिराची कात्री चुकली, की तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात, "माप मीच चुकीचं सांगितलं." लहानपणी मला वाटायचं, आमच्या आजोबांना साधं माप घेता येत नाही. आजीला तसं म्हटलं, तर ती नुसती हसली.

आता मी कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आज चाळीस शर्टांच्या बाह्या आखूड निघाल्या. माप खरंच मी चुकीचं सांगितलं होतं. मालकांनी विचारलं, तेव्हा मी मूग गिळून बसले. कटिंगवाले काका पुढे झाले आणि म्हणाले, "माझाच हात चुकला, साहेब."

काका तुमच्याच दुकानात शिकलेत.

हे पत्र पाठवत नाही. आधी मालकांकडे जाऊन येते, मग तुम्हाला तोंड दाखवेन.

तुमची नात